शरदातील परसबाग

हस्ताचा पाऊस ओसरला, आकाश निवळले आणि ओढ्यानाल्यांचे गढूळ पाणी नितळ होऊ लागले, म्हणजे शरद ऋतूचे आगमन झाले असे समजावे. आश्विन आणि कार्तिक हे या ऋतूचे दोन महिने होत. युरोपातील थंड देशांत याच सुमारास वृक्षांची पाने पिवळी-तांबडी होऊन गळू लागतात. माळी शेवटची फळे उतरवून घेतो आणि येणाऱ्या हिमाच्या धास्तीने बागेचा निरोप घेतो. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात मात्र नेमके उलट घडते. येथे भाजीपाल्याच्या बागेचे खरे वर्ष शरदातच सुरू होते. उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष आणि पावसाळ्यात पाण्याचा अतिरेक, या दोन संकटांच्या मध्ये निसर्गाने चार-पाच महिन्यांचा सौम्य काळ ठेवला आहे. नाजूक भाज्यांना येथील भूमी मानवते ती याच काळात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची जी मिसळीची भाजी रांधतात, तीत पडणारे पावट्याचे व हरभऱ्याचे दाणे आणि गाजराचे तुकडे, हे सारे शरदातील पेरणीचेच फळ असते.

शरदाच्या आरंभी नवरात्र येते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना करताना पत्रावळीवर किंवा परडीत माती पसरून तीत गहू, ज्वारी, हरभरा इत्यादी धान्ये पेरतात. घटातून झिरपणाऱ्या पाण्यावर ती रुजतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांचे पिवळसर-पोपटी कोंब चांगले उंच होतात. दसऱ्याच्या दिवशी खेड्यापाड्यांतील माणसे हे कोंब टोपीत किंवा पागोट्यात खोवतात. हा धार्मिक आचार खरा. परंतु त्यात शेतकऱ्याच्या उपयोगाचे शहाणपणही आहे. घरचे कोणते बी चांगले रुजते आणि कोणते रुजत नाही, हे रब्बीच्या पेरणीपूर्वीच डोळ्यांना दिसते. परसबाग करणाऱ्यानेही हाच धडा गिरवावा. शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्या आणि किती रुजल्या ते पाहावे. साठ रुजल्या, तर बी थोडे दाट पेरावे. वीस-पंचवीसच रुजल्या, तर ते बी बाजूस सारून दुसरे आणावे. वाया गेलेले बी पुन्हा आणता येते. वाया गेलेला पंधरवडा पुन्हा आणता येत नाही.

पंधरवड्याला एवढे मोल का असावे? पाऊस परतला की ढगांचे छत नाहीसे होते. जमीन ओली, आकाश निरभ्र आणि ऊन कडक, अशी स्थिती होऊन उकाडा वाढतो. यालाच ‘ऑक्टोबर हीट’ असे म्हणतात. पुढे कार्तिकात उत्तरेकडून कोरडे वारे येऊ लागतात, रात्री लांबतात आणि पहाटे अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटते. म्हणजे शरदाच्या दोन महिन्यांत तीन गोष्टी एकाच वेळी बदलत असतात : उष्णता उतरत असते, थंडी चढत असते आणि जमिनीतील ओल दिवसेंदिवस खाली जात असते. जो घाई करतो, त्याची कोवळी रोपे उन्हाने करपतात. जो दिरंगाई करतो, त्याची पिके फुलोऱ्यावर येतात तेव्हा फाल्गुनाचे ऊन तापू लागलेले असते. परसात काय लावावे हे कोणीही सांगू शकेल. परंतु कोणते बी केव्हा लावावे, हे ज्याला कळले त्यालाच बाग साधली.

या ‘केव्हा’चे पहिले उत्तर मातीच देते. मराठी शेतकऱ्याच्या भाषेत ‘वाफसा’ असा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतील जादा पाणी निचरून जाते, मातीच्या कणांभोवती ओल राहते आणि कणांमधील पोकळीत हवा खेळू लागते. ओल व हवा यांचा असा मेळ बसला, म्हणजे जमीन वाफशावर आली असे म्हणतात. बी रुजण्यास पाणी लागते, तसाच प्राणवायूही लागतो. म्हणून वाफसा हीच पेरणीची योग्य वेळ. ती ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. वीतभर खोलीवरील मूठभर माती घेऊन मूठ आवळावी व उघडावी. चिखल होऊन तो बोटांना चिकटला, तर थांबावे. माती भुरभुर गळून पडली, तर ओल उडाली असे समजून आधी पाणी द्यावे. गोळा झाला आणि बोटाच्या टिचकीने तो मोकळा फुटला, तर खुशाल कुदळ हाती घ्यावी. देशावरील काळी जमीन चिखल असताना खणली, तर तिची ढेकळे वाळून दगडासारखी होतात आणि पुढे हंगामभर त्रास देतात.

वाफशावर आलेली जमीन वीतभर खोल खणून दोन-तीन दिवस उन्हात तापू द्यावी. हराळीच्या काश्या वेचून काढाव्या. नंतर दर चौरस मीटरला सुमारे २ किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. ते जमिनीत कुजताना उष्णता निर्माण होते व कोवळ्या मुळांना इजा पोहोचते. भारी जमिनीत १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच असे गादीवाफे करावे. रुंदी एवढी ठेवली, की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय देण्याचा प्रसंग येत नाही. उंचीमुळे अवकाळी पाऊस आला तरी पाणी साचत नाही. हलक्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत मात्र सपाट वाफेच बरे.

पेरणीचा पहिला मान पालेभाज्यांचा. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत मेथी, पालक, मुळा, शेपू, चुका आणि कोथिंबीर यांचे बी टाकावे. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडण्याजोगी होते. एवढ्या लवकर फळ देणारे दुसरे पीक क्वचितच सापडेल. म्हणून नव्याने बाग करणाऱ्याने आरंभ मेथीपासून करावा. सारा वाफा एकदम न पेरता दर आठ-दहा दिवसांनी थोडा थोडा पेरला, तर घरात भाजी अखंड येत राहते. पालकाची पाने कापून घेतली तरी तो पुन्हा फुटतो. मुळा सुमारे दीड महिन्यात तयार होतो. त्याला वाफ्यात अधिक दिवस राहू दिले, तर तो जरड व पोकळ होतो. कोथिंबिरीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धणा हे एक बी नसून दोन बिया पोटात धरणारे फळ आहे. म्हणून पेरण्यापूर्वी धणे लाटण्याने हलकेच दाबून त्यांची दोन दले मोकळी करावी. कोथिंबिरीला उगवण्यास आठ-दहा दिवस लागतात; ‘बी खोटे निघाले’ असे म्हणून त्याआधीच वाफा उकरू नये.

दुसरा मान रोपांचा. कोबी, फुलकोबी, टोमॅटो, वांगी आणि मिरची यांचे बी एकदम वाफ्यात पेरीत नाहीत. लहानशा गादीवाफ्यावर रोपे तयार करून चार-पाच आठवड्यांनी ती कायमच्या जागी लावतात. या रोपवाटिकेवर दुपारच्या वेळी ताट्या किंवा गोणपाट यांची सावली करावी, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हाचा ताप रोपांना बाधत नाही. लावणी नेहमी सायंकाळी करावी आणि लागलीच पाणी द्यावे. रात्रभरात रोप सावरते. कोबीच्या दोन रोपांत ४५ सेंटिमीटर आणि टोमॅटोच्या दोन रोपांत ६० सेंटिमीटर अंतर असावे. रोप लहान असताना हे अंतर उधळेपणाचे वाटते. पौषात पाने पसरली म्हणजे त्याचा अर्थ कळतो.

ही मंडळी थंडीची एवढी अपेक्षा का करतात? फुलकोबीचा जो पांढरा गड्डा आपण खातो, तो फुलोऱ्याची अगदी आरंभीची अवस्था होय, आणि तो धरण्यास गारवा आवश्यक असतो. फुलकोबीच्या काही जाती लवकर येणाऱ्या तर काही उशिरा येणाऱ्या असतात. लवकरची जात उशिरा लावली, तर रोप वाढण्यापूर्वीच बटणाएवढा गड्डा धरते. उशिराची जात लवकर लावली, तर पानेच पाने वाढतात आणि गड्ड्याची वाट पाहावी लागते. टोमॅटोची तऱ्हा निराळी. रात्री उबदार राहिल्या, तर त्याची फुले फळ न धरताच गळतात. म्हणून बी घेताना जातीचे नाव आणि लावणीचा महिना विचारून घेणे हे मोल विचारण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

यांतील कित्येक भाज्या दूरदेशीच्या पाहुण्या आहेत. टोमॅटो, मिरची आणि बटाटा या अमेरिका खंडातून आल्या. कोबी युरोपातून आली. ‘कोबी’ आणि ‘बटाटा’ हे शब्दच पोर्तुगीज भाषेतून मराठीत आलेले आहेत. या पाहुण्या येथे रमल्या, याचे कारण येथील माळ्यांनी त्यांच्या मायदेशीच्या हवेशी जुळणारा ऋतू शोधून काढला.

तिसरा मान थंडीची चाहूल लागल्यावर. वाटाणा, गाजर, हरभरा, लसूण आणि कांदा यांचा हा काळ. वाटाणा ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरावा; फुलोऱ्यात असताना ऊन तापले, तर त्याच्या शेंगा भरत नाहीत. वाटाणा व हरभरा यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे रायझोबियम नावाचे सूक्ष्म जीव हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. पीक निघाल्यावर मुळे जमिनीतच राहू दिली, तर पुढच्या पिकालाही त्याचा लाभ होतो. हरभरा वीतभर वाढला म्हणजे त्याचे शेंडे खुडावे. त्यांची रुचकर आंबूस भाजी होते आणि झाडालाही अधिक फांद्या फुटतात.

गाजराचे बी अगदी बारीक असते. ते वाळूत मिसळून पेरावे, म्हणजे सर्वत्र सारखे पडते. उगवल्यावर विरळणी करून दोन रोपांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवावे. गाजर एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावू नये, कारण मूळ दुखावले की त्याला फाटे फुटतात. लसणाचे गड्डे मोडून मोठ्या पाकळ्या निवडाव्या आणि त्या निमुळते टोक वर ठेवून दहा सेंटिमीटर अंतराने लावाव्या. चार-साडेचार महिन्यांत गड्डे तयार होतात. रब्बी कांद्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकून रोपांची लावणी डिसेंबरच्या सुमारास करतात. एप्रिलमध्ये निघणारा हा कांदा पावसाळा संपेपर्यंत चाळीत टिकतो. खरिपाच्या कांद्याला एवढे टिकाऊपण नसते.

काय लावू नये, हेही जाणून घेतले पाहिजे. भेंडी व गवार यांना ऊब लागते. कार्तिकात पेरलेली भेंडी थंडीत खुंटून बसते. तिने अडविलेल्या जागेत लसणाचा एक वाफा झाला असता. भेंडीसाठी माघापर्यंत थांबावे.

सर्वांत मोठा हिशेब मात्र पाण्याचा असतो. १९७२ साली पावसाने महाराष्ट्राच्या मोठ्या भागाकडे पाठ फिरवली. आश्विनात जमिनीत ओल नव्हती. अनेक गावांत रब्बीचे बी पोत्यातच राहिले आणि लाखो माणसांना दुष्काळी कामांवर खडी फोडावी लागली. शरदातील ओल ही साऱ्या मुलखाची शिदोरी असते, हे त्या वर्षाने शिकविले. परसबागेतही तोच न्याय लागू आहे. १० चौरस मीटरच्या वाफ्यावर २.५ सेंटिमीटर उंचीचे पाणी द्यावयाचे, तर ते २५० लिटर होते. आठवड्यातून एकदा दिले, तरी चार आठवड्यांत १,००० लिटर लागते. विहीर किंवा नळ माघ-फाल्गुनात किती पाणी देईल, याचा अंदाज घेऊन मगच वाफ्यांची संख्या ठरवावी. आश्विनात पाणी मुबलक दिसते म्हणून एखाद्याने सहा वाफे केले आणि माघात विहीर आटली, तर सहाही वाफे सुकतात. दोनच वाफे करणाऱ्याच्या घरात मात्र लसूण व कांदा येतो. स्वयंपाकघरातील भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी बागेकडे वळवावे. पिकांच्या ओळींमध्ये वाळलेले गवत, पालापाचोळा किंवा उसाचे पाचट यांचा पाच-सात सेंटिमीटर जाड थर द्यावा. या आच्छादनामुळे जमिनीतील ओल लवकर उडत नाही, तणही माजत नाही आणि कुजल्यावर त्याचे खत होते.

थंडी जशी पिकांना मानवते, तशी काही किडींनाही मानवते. कोबीवर मावा पडतो. वाटाण्यावर पिठासारखी पांढरी भुरी दिसू लागते. माव्यासाठी वाळलेल्या निंबोळ्यांची भुकटी, दर लिटर पाण्यास ५० ग्रॅम, रात्रभर भिजवून व गाळून ते पाणी फवारावे. भुरी पडलेली पाने खुडून दूर नेऊन नष्ट करावी.

प्रदेश बदलला की बागही बदलते. कोकणात भात कापल्यावर खाचरातील उरलेल्या ओलीवर वाल, पावटा, कुळीथ ही कडधान्ये घेतात, तर विहिरीच्या पाण्यावर मुळा, लाल माठ, वांगी आणि मिरची पिकवितात. गोव्यात व दक्षिण कोकणात पावसाळ्यानंतरच्या अशा पिकाला ‘वायंगण’ म्हणतात. अलिबागचा पांढरा कांदाही भातानंतरच लावतात. तो माळा ओवून बाजारात येतो. महाबळेश्वराच्या थंड हवेत सप्टेंबर-ऑक्टोबरात स्ट्रॉबेरीची रोपे लावतात आणि हिवाळ्यात त्यांना फळे येतात.

घरच्या बागेत फुलांचा वाफाही असावा. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू पावसाळ्यातच लावलेला असतो; मूळच्या मेक्सिकोतील हे फूल आज महाराष्ट्राच्या सणांचा अलंकार झाले आहे. शेवंतीही आधीच लावतात. दिवस लहान होऊ लागले की ती फुलते. ऑक्टोबरात पेरावयाची ती एस्टर, फ्लॉक्स व पिटुनिया यांची बियाणी. जानेवारीच्या सुमारास त्यांचे ताटवे फुलतात. गुलाबाची छाटणीही पाऊस थांबल्यावर याच महिन्यात करतात, म्हणजे सहा-सात आठवड्यांनी नव्या फुटीवर फुले येतात. फुलांकडे मधमाश्या येतात आणि जवळच्या भाज्यांच्या फुलांवरही त्यांची फेरी होते.

येथे सांगितलेले महिने हे वाटाडे आहेत. ते न्यायाधीश नव्हेत. मोसमी पावसाच्या परतीची वेळ पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२० साली भारतीय हवामानशास्त्र विभागाने या पावसाच्या आगमनाच्या व परतीच्या सर्वसाधारण तारखांमध्ये फेरबदल केले. वायव्य भारतातून परतीचा आरंभ पूर्वी १ सप्टेंबरला धरीत; तो आता १७ सप्टेंबरला धरतात. शास्त्रज्ञ आपल्या तारखा नव्याने तपासून घेतात, तर माळ्यानेही आपल्या तारखा तपासून घ्याव्या. त्यासाठी एक वही घालावी. शेवटचा पाऊस केव्हा झाला, वाफसा केव्हा आला, कोणते बी कोणत्या दिवशी पेरले, ते केव्हा उगवले, पहिली थंडी केव्हा पडली आणि कोणत्या वाफ्यातून किती माल निघाला, याची नोंद करावी. फसलेल्या पेरणीची नोंद तर आवर्जून करावी, कारण तीच पुढच्या वर्षी अधिक उपयोगी पडते. चार-पाच शरद ऋतूंच्या अशा नोंदी हाताशी असल्या, म्हणजे ती वही त्या परसापुरते अगदी खात्रीचे पंचांग होते.

शब्दार्थ
दुर्भिक्ष – टंचाई
परडी – वेताची किंवा बांबूची लहान टोपली
निचरणे – पाणी झिरपून निघून जाणे
काश्या – हराळीची जमिनीत पसरणारी पेरे
जरड – कोवळेपणा गेलेले, राठ
विरळणी – दाट उगवलेली रोपे काढून अंतर ठेवणे
आच्छादन – झाकण, पांघरूण
खाचर – बांध घालून केलेले भाताचे शेत

अभ्यास
१. थंड देशांतील शरद ऋतू आणि महाराष्ट्रातील शरद ऋतू यांत माळ्याच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
२. ‘वाफसा’ म्हणजे काय? तो कसा ओळखावा?
३. कारणे द्या :
(अ) धणे पेरण्यापूर्वी हलके दाबून घेतात.
(आ) गाजराची रोपे उपटून दुसरीकडे लावीत नाहीत.
(इ) हरभऱ्याचे शेंडे खुडतात.
४. ‘वाया गेलेला पंधरवडा पुन्हा आणता येत नाही.’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणांच्या साहाय्याने स्पष्ट करा.
५. ६ चौरस मीटरच्या वाफ्यावर २.५ सेंटिमीटर उंचीचे पाणी द्यावयाचे असेल, तर किती लिटर पाणी लागेल?
६. पुढील शब्द वाक्यांत योजा : मुबलक, दिरंगाई, शिदोरी, वाटाड्या.
७. उपक्रम : कुंडीत किंवा खोक्यात मेथी पेरा. पेरणीपासून खुडणीपर्यंतच्या रोजच्या नोंदी वहीत करा आणि त्या वर्गात वाचून दाखवा.